आमच्या वस्तीत गरीब कोणी नाही

१६ डिसेंबर २०१८

ती. मिसाओताईस,

किनुएचा वाकून नमस्कार. तुझे कान, भावोजींची कंबर आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही या थंडीत ठीक असतील असं धरून चालते. इकडे बर्फ पडायला लागलंय. ओलं, जड, आपल्या नेहमीच्या जातीचं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्रच बरं.

मासा पोचला. अगं, मासा कसला, जावई म्हणून ओसरीवर बसवावा असा होता! खोका आणणारा माणूस दारात टेकून धापा टाकत होता. आई होती तोवर माहेरचा मासा म्हणून तिच्या नावाने यायचा. ती गेल्यावर तू रीत चालू ठेवलीस आणि दर वर्षी मासा वीतभर वाढवत नेलास. ह्यांच्या फोटोपुढे तो ठेवला तर फोटो दिसेनासा झाला. रीतीप्रमाणे अर्धा मासा परत पाठवायचा असतो, पण तुम्हा हिमीच्या जाळेवाल्यांना मासा पाठवणं म्हणजे समुद्राला मिठाची पुडी. म्हणून नेहमीच्या दुकानातली मिठाई पाठवली आहे. पोचली की कळव.

थंडीचं विचारलंस. मी आता मागच्या एकाच खोलीत राहते. बाकीच्या बंद करून टाकल्या. एवढ्या मोठ्या घराचा केर एकटीने किती काढायचा? आणि म्हाताऱ्या माणसाला फार ऊब बरी नाही म्हणे, झोप जड होते. वजन थोडं उतरलंय. गुडघे दुवा देतात.

एक गंमत सांगायची होती. तुझा मासा एकटीने संपणार कसा? आमच्या वस्तीच्या सभागृहात दर बुधवारी संध्याकाळी मुलांना जेवायला घालतात असं कळलं होतं. शाळेच्या दवाखोलीत ज्या चिझुरूबाई होत्या ना, त्यांनी निवृत्त झाल्यावर हे सुरू केलंय. खरं सांगू, मी ऐकलं तेव्हा हसले होते. म्हटलं, आपल्या तोयामात उपाशी मुलं कुठून आणणार ह्या? देशात सगळ्यांत मोठी घरं आपली. कौलं बघावीत तर काळी कुळकुळीत, आरशासारखी. तरी मासा पाठीशी बांधून सभागृहात गेले.

चिझुरूबाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता माशाकडेच बघत राहिल्या.

"वहिनी, हा कापायचा कोणी? मला तर इंजेक्शन देता येतं फक्त."

"सुरी आणा," मी म्हटलं.

ह्यांच्या ओतशाळेतल्या बारा कामगारांना मी तीस वर्षं दुपारचं जेवण घातलं आहे, तुला माहीत आहे. बाह्या सरसावल्या, मासा कापला, मुळ्याबरोबर शिजत टाकला. आलं मुद्दाम जास्त घातलं. मुलं आली. आधी दहा, मग आणखी. हिनाको नावाची एक सात वर्षांची पोर माझ्या शेजारी बसून मुळ्याचा तुकडा आधी रस चोखून मग खात होती. म्हटलं, "मासा घे की." म्हणाली, "आधी हे. मासा शेवटी. शेवटचं खाल्लेलं उद्यापर्यंत राहतं."

मी तिसऱ्यांदा वाढायला उठले तेव्हा चिझुरूबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर. स्वयंपाकिणीने उपाशी जायचं नसतं." नाही कसं म्हणणार? बसले. पुढच्या बुधवारीही बोलावलंय. जाईन म्हणते. तेवढाच वेळ जातो.

भावोजींना नमस्कार. बर्फ काढताना त्यांना छपरावर चढू देऊ नकोस.

तुझी,
किनुए


२० फेब्रुवारी २०१९

ती. मिसाओताईस,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारचं मांजर पळालं. "लोकांच्या पोरांना वाढून येतेस, तुझ्याकडे जास्त झालंय वाटतं." सत्तरी ओलांडलीस पण जीभ काही बोथट झाली नाही. माझ्या लग्नाच्या वेळीही हीच जीभ होती. "ओतकाम करणाऱ्याच्या घरी जाशील तर हात काळे होतील." झाले ना काळे. पण ह्यांनी ओतलेल्या पितळेच्या घंटांचा आवाज किती घरांत गेला, तेही बघ.

आता बुधवारचं ऐक, कारण त्यात माझाच मूर्खपणा आहे.

जानेवारीत मला वाटलं, मुलं जेवतात, पण त्यांच्या आया? त्या दारातूनच मुलांना सोडतात आणि कामावर पळतात. म्हणून मी घरातले जुने झाकणाचे डबे काढले, कामगारांच्या वेळचे. उरलेलं त्यात भरलं, प्रत्येक डबा नीट रुमालात बांधला, गाठीचा पीळसुद्धा आईने शिकवलेला, आणि एकेका आईच्या हातात दिला. मला काय आनंद! पुढच्या बुधवारी डबे परत आले. एकात संत्री, एकात कोरा हातरुमाल, एकात दुकानातल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. मी चिझुरूबाईंना म्हटलं, "बघा, गरीब म्हणता तुम्ही, पण वळण बघा!"

त्यापुढच्या बुधवारी अर्ध्याच आया आल्या. मग मुलंही कमी झाली. हिनाको आली नाही. चिझुरूबाई हवालदिल. रस्सा तिखट झाला असेल म्हणून त्यांनी फिका करून बघितला. जमीन गार लागत असेल म्हणून घरून गालिचा आणला. भिंतीला कागदाची फुलं लावली. रिकाम्या सभागृहात फुलं आणखीच दीनवाणी दिसायला लागली.

मला एका सकाळी नळ चालू करताना एकदम उमगलं. कसं ते विचारू नकोस. उमगलं एवढं खरं. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करता येतो का? मेलो तरी नाही. मी त्यांना जेवण दिलं नव्हतं, ताई, मी त्यांच्या घरात एकेक घेणेकरी बसवून आले होते. तोही रुमालात बांधून.

तशीच उठले आणि हिनाकोच्या घरी गेले. औषधांच्या दुकानामागे दुमजली चाळ आहे, तिथे वरच्या मजल्यावर. तिची आई तोमोए, तिशीतली असेल, पहाटे माशाच्या वड्यांच्या कारखान्यात जाते आणि संध्याकाळी कचेऱ्या झाडते. नवरा सोडून गेलाय. दार उघडलं तर समोरच फळीवर माझा डबा. धुतलेला, रुमालाला इस्त्री केलेली.

"डबा न्यायला आले," मी म्हटलं.

"आणते काकू, पगार झाला की आणते."

"आत्ता दे. रिकामा."

"असं कसं! रिकामा कसा देऊ?"

"माझा डबा आहे, मला रिकामाच आवडतो."

तिने डबा छातीशी धरला. मी झाकण धरलं. दोघी दारात उभ्या राहून ओढाओढी करतोय! हिनाको आतून म्हणाली, "आई, देऊन टाक ना, आजी पडेल." तेव्हा तिने सोडला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं.

"तुमचं बरं आहे, काकू. तेवढ्या मोठ्या छपराखाली राहून 'रिकामा दे' म्हणणं सोपं असतं. माझ्या जागी उभं राहून बघा एकदा."

मी डबा काखेत धरून जिना उतरले.

त्या बुधवारी सभागृहाच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: "भरलेला डबा परत घेतला जाणार नाही." आणि स्वतः दारात बसले. प्रत्येक डबा उघडून बघायचे. एकीने तळाशी एक संत्रं लपवून आणलं होतं. पकडलं! "परत न्या," म्हटलं, "नाहीतर जेवण नाही." मुलं टाळ्या पिटून हसायला लागली. आता तो त्यांचा खेळच झालाय, कोणाची आई पकडली जाते बघायचा. आया परत आल्या, ताई. हिनाको आली. तोमोएही एका बुधवारी लवकर सुटून आली आणि काही न बोलता माझ्याशेजारी उभी राहून मुळे सोलायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "कारखान्यात घड्याळ लावून सोलतो आम्ही, काकू. तुम्ही मालकीणबाई, तुम्हाला कसली घाई!"

पण सुखासुखी काही चालतं का! कुठलासा वार्ताहर येऊन गेला, बातमी छापून आली, फोटोसकट. मथळा असा: "सर्वांत मोठ्या घरांच्या गावात उपाशी मुलं." झालं. वस्ती मंडळाचे अध्यक्ष नोगामीसाहेब, ज्यांची कौलं अर्ध्या गावाच्या डोक्यावर आहेत, पेपर हातात घेऊन सभागृहात आले. आवाज चढवला नाही, पण कपाळाची शीर हलत होती.

"चिझुरूबाई, ह्या गावाची अब्रू गेली. जागांचे भाव पडतील. बाहेरचे लोक म्हणतील, ही भिकाऱ्यांची वस्ती. कुठे आहेत गरीब? मला माझ्या वस्तीत एकही गरीब घर माहीत नाही."

"साहेब, गरीब माणूस पाटी लावून बसत नाही," चिझुरूबाई म्हणाल्या.

"मग नाहीच आहे," ते म्हणाले. "एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत सभागृह परत घेण्याचा ठराव मांडतो."

म्हणजे एप्रिलनंतर बुधवार नाही. मुलं कुठे जातील, चिझुरूबाईंना काही सुचत नाही. त्यांचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुमच्या घरी चालेल का? केवढ्या खोल्या आहेत!" मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते मला नीट सांगता आलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पण त्यांचा चेहरा पडला तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तू मार्चमध्ये येते म्हणालीस. नको येऊस. घराचं काम काढलंय, जिकडेतिकडे धूळ आहे. आणि एक सांगू? वसंताची भेट म्हणून काही पाठवू नकोस यंदा. उगाच.

तुझी,
किनुए


१४ एप्रिल २०१९

ताई,

नमस्कार वगैरे शेवटी. आधी चष्मा लाव आणि बस. हे पत्र दुसऱ्या एका पत्राच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून पोस्टात स्वतः टाकायला जाणार आहे. घाबरू नकोस, मी मेलेले नाही. उलट, इतकी जिवंत मी ह्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच आहे.

काल सभा झाली.

सभागृह भरलं होतं. एरवी या सभेला लोक फक्त चहा आणि हिशोबाची टाचणं घ्यायला येतात. काल शेवटच्या रांगेतही बसायला गादी मिळेना. नोगामीसाहेब पुढे, शेजारी त्यांच्या सौ., नेहमीसारख्या मान खाली घालून चहा ओतत. चिझुरूबाईंनी आधी बोलायला घेतलं. देशात सात मुलांमागे एक मूल गरीब घरात वाढतं, सरकारनेच सांगितलेलं आहे, वगैरे. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुटीनंतर मुलं वजनकाट्यावर कशी हलकी भरायची तेही सांगितलं. लोक नम्रपणे माना डोलावत होते, म्हणजे ऐकत नव्हते.

नोगामीसाहेब म्हणाले, "देशात असतील. तोक्योत असतील, ओसाकात असतील. मी आकड्यांबद्दल बोलत नाही. मी आमच्या वस्तीबद्दल बोलतो. चिझुरूबाई, मला एक माणूस दाखवा. फक्त एक. आत्ता, इथे."

आता बाई कोणाकडे बोट दाखवणार? ज्यांना त्या दाखवू शकत होत्या त्यांच्यासाठीच तर त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. मी पाहिलं, दोन रांगा पुढे तोमोएने चटईवर दोन्ही हात टेकले. ती उठणार होती. हिनाको तिच्या मांडीला टेकून बसली होती. सोमवारी शाळेत त्या पोरीला काय काय ऐकावं लागलं असतं, ते मला एका क्षणात दिसलं.

मी आधी उठले. उठले म्हणजे काय, गुडघे वाजले, बाजूच्या माणसाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि तोपर्यंत सगळे माझ्याकडे बघायला लागले होते.

"नोगामीसाहेब, मी आहे."

"काय आहात, वहिनी?"

"गरीब."

लोक हसले, ताई. मनापासून हसले. साहेबही हसले.

"वहिनी, तुमच्या घरावर माझीच कौलं आहेत! पहिल्या प्रतीची. मी स्वतः चढून बसवली होती."

"कौलं तुमचीच आहेत, साहेब. एकही गळत नाही. पण त्यांच्या खाली चूल गार आहे."

मग हसू थांबलं.

माझं तोंड सुटलं ते सुटलंच. मी म्हटलं, ह्यांची ओतशाळा बंद झाली तेव्हा कर्ज फेडण्यात सगळं गेलं. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या बायकोला निवृत्तिवेतन किती मिळतं ते इथल्या प्रत्येक विधवेला माहीत आहे, पण आम्ही एकमेकींना सांगत नाही. रॉकेल परवडत नाही म्हणून मी एका खोलीत राहते आणि अंगावर ह्यांचे दोन कोट घालते. दिवसा वाचनालयात बसते, तिथे ऊब असते. तुम्ही सगळे म्हणता, किनुएवहिनींना वाचनाची काय आवड! सहा दिवस भात आणि लोणचं खाते. बुधवारी स्वयंपाकाला येते, तुम्ही म्हणता, केवढी दानशूर. मी दानशूर नाही. मला भूक लागलेली असते. मी त्या मुलांबरोबर जेवायला येते.

आणि म्हटलं, "आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं मूठ झाकून ठेवली, साहेब, आता बोटं उघडत नाहीत. तुम्ही एक माणूस दाखवा म्हणालात. घ्या, बघून घ्या. ठराव मांडायचा असेल तर माझ्या तोंडाकडे बघून मांडा."

खाली बसले. वाटलं, झालं. आता या गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

तेवढ्यात तोमोए उठली. "आम्हीसुद्धा," ती म्हणाली. दोनच शब्द, पण आवाज असा खणखणीत की मागच्या माणसाने चहा सांडला. माझ्याकडे वळून बघितलंन, आणि कमरेत वाकून नमस्कार केलान. मघाशी मी उठले ते कोणासाठी हे तिला कळलं होतं. मग न्हाव्याच्या दुकानातले म्हातारे इकेबेकाका, ज्यांच्याकडे आता गिऱ्हाइकच येत नाही, ते बसल्याबसल्याच म्हणाले, "मला उठता येत नाही, पण मलाही धरा." लोकांना हसावं की रडावं कळेना.

आणि मग जे झालं त्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस. नोगामीसाहेबांच्या सौ.! जन्मात कोणी त्यांचा आवाज ऐकला नसेल. चहाची किटली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपली साचिए नागोयाला दोन मुलांना घेऊन अशीच राहते आहे. तुम्हाला माहीत नाही. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांची मान खाली जाईल. दर महिन्याला मी तिला तांदूळ पाठवते. तिथे ती मुलांना अशाच एका सभागृहात जेवायला नेते." एवढं बोलून त्यांनी किटली पुन्हा उचलली आणि पुढचा पेला भरला.

साहेब त्यांच्याकडे वळले. कौलं मोजणारा माणूस कौल निसटल्यावर बघतो तसे बघत होते. मला त्यांची दया आली, खरंच आली. मग ते म्हणाले, "ठराव मागे घेतो," आणि बसले. पण चिझुरूबाई काय गप्प बसतात! त्या म्हणाल्या, "मागे घेऊन चालणार नाही, साहेब. मतं घ्या. सभागृह बुधवारी आमचं, हे वस्तीने ठरवू दे." हात वर झाले. माझ्या पुढचे सगळे हात वर गेले, मागचं मला दिसत नव्हतं. हिनाकोनेही वर केला, तर कोणीतरी म्हणालं, मुलांचं मत धरत नाहीत. साहेबांनीच मान वर न करता सांगितलं, "धरा."

जिंकलो गं, ताई! सभा सुटल्यावर बायका माझ्याभोवती जमल्या. मला वाटलं होतं कीव करतील. तर एक म्हणते, "वहिनी, मीपण वाचनालयात येते, पलीकडच्या कोपऱ्यात बसते. तुमचं पुस्तक महिनाभर त्याच पानावर होतं, तेव्हा मला शंका आलेली." दुसरी म्हणाली, "दोन कोट? मी तीन घालते." आम्ही सभागृहाच्या पायरीवर उभ्या राहून इतक्या हसलो की चेरीच्या झाडाखाली बसलेली माणसं वळून बघायला लागली. वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहून आम्ही एकमेकींना ओळखतच नव्हतो. प्रत्येकीला वाटायचं, पोकळ वासा आपल्याच घराचा.

आता तुझं माझं बोलायचं.

घराचं काम वगैरे काही निघालं नव्हतं. तू आली असतीस तर तुला गार खोल्या दिसल्या असत्या. चिझुरूबाईंना घर नाही म्हटलं तेही तेवढ्यासाठीच. आणि तुझा मासा. तुझ्या माशाची मला दर हिवाळ्यात धडकी भरायची, ताई. जेवढा मासा मोठा, तेवढी मिठाईची पेटी मोठी. गेल्या डिसेंबरची पेटी पाठवली आणि जानेवारीचं रॉकेल गेलं. तू लिहिलंस, "एवढी महाग मिठाई, पुढच्या वर्षी याहून मोठा मासा." मी ते वाचून डोक्याला हात लावला. तुझं चुकलं नाही. तुला वाटायचं बहीण ठसक्यात आहे, आणि मी तेच तर वाटू देत होते. ओतकाम करणाऱ्याच्या घरी जाऊन हात काळे झाले, पण पोटही खपाटीला गेलं, हे तुला कळू नये म्हणून. तोमोएच्या दारात मला उपदेश करायला जमलं, पण तिच्या फळीवरचा डबा आणि मी तुला पाठवलेली मिठाईची पेटी एकाच जातीची होती. म्हणूनच तर मला उमगलं होतं. कसं ते विचारू नकोस म्हटलं होतं ना. आता सांगितलं.

शुक्रवारी, सभेच्या आदल्या दिवशी, मी नगरपालिकेत जाऊन सरकारी मदतीचा अर्ज करून आले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून परत फिरले. मग तोमोएला, फक्त तिलाच, सगळं सांगितलं आणि दुसऱ्यांदा ती बरोबर आली, आपली सुटी खर्चून. म्हणाली, "काकू, पुढच्या दाराने जायचं. मागच्या दाराने जाणारे परत फिरतात." खिडकीवरची मुलगी चांगली होती. तिने हळूच विचारलं, "जवळचे नातेवाईक?" मी तुझं नाव सांगितलं. तुझ्याकडे आता त्यांचं पत्र येईल. त्यात विचारलेलं असेल, तुम्ही बहिणीला सांभाळू शकता का. याच पत्राच्या भीतीने या देशातली किती माणसं अर्ज न करता थंडीत कुडकुडत बसतात, ते मला आता कळलंय. मीही त्यातलीच होते.

जे खरं असेल ते लिही. तुमची जाळी आता पूर्वीसारखी भरत नाहीत, भावोजींच्या कंबरेला खर्च आहे, मला ठाऊक आहे. "नाही" लिहिलंस तर मला जराही वाईट वाटणार नाही, खरंच. मी तुझ्याकडून सांभाळून घ्यायला अर्ज केला नाही, तो माझ्या हक्काचा आहे म्हणून केलाय.

पण एक मागते. ते पत्र आलं की सूनबाईंपासून लपवू नकोस. खणात कपड्यांखाली ठेवू नकोस. जेवायच्या टेबलावर सगळ्यांसमोर उघड आणि मोठ्याने वाच, तुला मोठ्याने बोलायची सवयच आहे. कोणी विचारलं, "काय झालं हो तुमच्या बहिणीला?" तर सांग, काही झालं नाही, ती गरीब आहे, आणि दर बुधवारी साठ माणसांचा स्वयंपाक करते. जन्मात तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागते आहे. तू माझ्याकडे बघून मान खाली घातली नाहीस, तर माझी मान कोणाच्या बापाला खाली करता येणार नाही.

भावोजींना, सूनबाईंना, सगळ्यांना नमस्कार. मोठ्या पोस्टाची रविवारची खिडकी बंद व्हायची वेळ होत आली.

तुझी गरीब बहीण,
किनुए